गूळपाणी

“आये, पावण्यांका गूळपाणी देवची रीत मोडलंस काय? सगळ्यांका आपली चायच!” मुंबईहून चतुर्थीला आलेला सुदेश कुरकुरला. त्याची आई, मथुराकाकी, रिकामे कप गोळा करू लागली. आम्ही शेजारणी आपापल्या कपात बघत राहिलो. आईला रानात जायला नको म्हणून मागल्या मे महिन्यात त्याने हौसेने संडास बांधून दिला, निळ्या फरशीचा. तेव्हापासून काकीच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी कोणी कच्चं पीत नाही. चहा निदान उकळलेला असतो. पण पोराच्या आनंदावर विरजण कोणी घालायचं? “थांबा, मीच आणतंय,” म्हणत सुदेशने विहिरीतून कळशी ओढली, तांब्या भरला आणि गुळाच्या खड्यासकट आधी आपल्या लेकीपुढे धरला. काकीने तो झटक्यात हिसकावून घेतला. पाणी तिच्या नव्या लुगड्यावर सांडलं. “झिला,” ती म्हणाली, “तुझ्या संडासाचो खड्डो बावीच्या वरच्या अंगाक आसा रे. सगळा झिरपान बावीत येता.”