सात दिवसांची पट्टी

"तिसरी पट्टीही सुटली, गोवर्धनभाऊ, तर माझ्या हातात काही राहणार नाही," रागिणी हळूच म्हणाली.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात शाळेच्या व्हॅन तयार होत. काचा गोंदानं बसत. गोंद सात दिवसांत पुरता धरला की नाही, ते रागिणी त्याच गोंदानं चिकटवलेल्या नमुन्याच्या पट्ट्या यंत्रावर ओढून पाही. आजवर पट्ट्या ती स्वतःच आपल्या खोलीत चिकटवी. एकही कधी सुटली नव्हती; त्यावरच गाड्या पास होत. मे लागला आणि कारागिराच्या हातच्या पट्ट्याही शेडमधून मागवायचा हुकूम निघाला. तिथंच गोवर्धन सापडला.

"ताई, सात वर्सांपासून काचा बसवून राहिलो. आताच माया हात काहून चुकन?"

"मग माझी पट्टी कशी टिकते? गोंद तर एकच आहे."

"तुमी बसता कूलरपुढं. आमी पत्र्याखाली उकडून निघतो. हाताले घाम येते, तं काय करू?"

"तो घामच लागत असेल गोंदाला."

गोवर्धननं गेटकडे पाहिलं. यंदा पराटीचं पीक बुडालेली माणसं सकाळपासून गेटवर कामासाठी उभी होती. त्याची जागा भरायला अर्धा तास पुरला असता.

देवाचं नाव घेऊन रागिणीनं बटण दाबलं. काटा चढला, थरथरला, धाडकन खाली आला. गोंदावर नुसती साय धरलेली. आत सगळा कच्चा.

'कारागिराचा निष्काळजीपणा,' तिनं जड हातानं लिहिलं आणि सही केली.

"घरी काय सांगू, तेवढं तं सांगा," गोवर्धन म्हणाला, आणि उत्तराला न थांबता गेला.

दुपारी सुटलेल्या पट्ट्या पाहायला अमरावतीहून गोंद कंपनीचा इमरान आला. हवेतली ओल मोजायचं यंत्र त्यानं आधी शेडमध्ये ठेवलं, मग तिच्या खोलीत. आकडे पाहून तो रागिणीकडे वळला.

"हा गोंद हवेतलं पाणी पिऊन घट्ट होते, बाई. तुमच्या कूलरच्या हवेत होईनच. या उन्हात शेडमधी कुठचं पाणी? त्या माणसाचा हात बरोबर होता."

"अरे देवा! आत्ता बोलावते त्यांना." रागिणी दाराकडे धावली.

"बोलवा. पण गाड्यांच्या काचा कुठं बसतात? इथं, का शेडमधी?"

तिचा पाय उंबऱ्यातच थबकला.

"ऊन तापल्यापासून तुमच्या पट्टीवर किती गाड्या पास केल्या?"

"सगळ्या," रागिणी म्हणाली.