एकट्याच या

खांबाआडून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरचा शर्ट नवा होता.

शर्टाला इस्त्री तिनेच केली होती. सकाळी त्याने विचारलं, "तो निळा कुठाय?" आणि तिने काढून दिला. नदीकाठच्या देवळात जायला नवा शर्ट लागतो, हे तिला आजच कळत होतं. एरवी हा माणूस देवळाची पायरी चढायचा नाही. 'नवस म्हणजे देवाला दिलेली लाच,' असं तो सभांमधून सांगायचा आणि टाळ्या घ्यायचा.

लाच हा त्याचा हातखंडा विषय. त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. म्हणजे दुकान ती चालवायची आणि तो लाचखोरांशी लढायचा. ती दिवसभर तापलेल्या मशीनपाशी उभी, आणि हा स्टेजवर गळ्यात हार घालून. "नोटांना पावडर लावलेली असते. साहेबांनी नोटा घेतल्या की त्यांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवायची. पाणी गुलाबी झालं की साहेब गेले!" हा किस्सा तिला तोंडपाठ होता. हात स्वच्छ ठेवा, हात स्वच्छ ठेवा, असं तो इतक्यांदा म्हणायचा की लोकांनी पाठीमागे त्याचं नाव 'साबण' पाडलं होतं. तिला त्या नावाचाही अभिमान होता. गॅसवाल्याला वरचे पैसे द्यायला तो नाही म्हणाला, म्हणून तिने महिनाभर स्टोव्हवर रांधलं होतं आणि चकार शब्द काढला नव्हता.

पण सभा संपली की बायका त्याच्याभोवती गोळा व्हायच्या, ते मात्र तिला बघवायचं नाही. "वहिनी, नशीबवान हो तुम्ही!" असं कुणी म्हटलं की तिचा जळफळाट व्हायचा. नशीबवान म्हणे! चार दिवस घरी नेऊन बघा.

आणि मग परवाचा तो फोन. तो दाढी करत होता, हाताला फेस, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. पलीकडून बाईचा रडवेला आवाज आला. "किती दिवस तंगवणार मला? तुम्ही म्हणाल ते द्यायला तयार आहे मी. पण माझं घर उद्ध्वस्त करू नका हो."

त्याने फेसाच्या हातानेच स्पीकर बंद केला आणि आवाज खाली आणला. पण स्वयंपाकघर काही लांब नव्हतं. "परवा देवळात भेटू. तिथे कुणी काही विचारत नाही. आणि हे बघा, एकट्याच या."

"कुणाचा फोन?" तिने विचारलं.

"आहे एक पीडित."

पीडित! दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. 'म्हणाल ते द्यायला तयार आहे' म्हणजे याने मागितलं तरी काय? तिच्याकडे तर त्याने कित्येक वर्षांत चहाखेरीज काही मागितलं नव्हतं.

आता ती बाई घाटाच्या पायऱ्या चढून धापा टाकत येत होती. जाड चष्मा, पिकलेले केस, डोळ्यांखाली काळं. तरुण नाही, देखणी तर मुळीच नाही. हे तिला जास्तच झोंबलं. रूप असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं.

देवळात फारसं कुणी नव्हतं. दोघे भाविक मघापासून प्रदक्षिणा घालत होते, तेवढेच. तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं की रडायचं नाही, तमाशा करायचा नाही. फक्त या बाईसमोर नवऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, 'ही माझी बायको.' बस, एवढं झालं की ती दुकान उघडायला जाणार होती.

बाईने पदराआडून एक पुडकं काढलं. वर फुलांचा कागद होता. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे भेटवस्तू, आणि तीही देवासमोर! ती खांबाआडून निघाली ती थेट दोघांच्या मध्ये, आणि पुडकं तिने हिसकावून घेतलं.

"आणा इकडे! बघू तरी काय आणलंत ते!"

कागद फाटला. आत नोटा होत्या.

तेवढ्यात ते दोघे भाविक धावत आले. एकाने तिचं मनगट धरलं, दुसऱ्याने तिच्या नवऱ्याचं. "पोलीस. जागचे हलू नका."

"अहो, या नाहीत, हे!" बाई नवऱ्याकडे बोट दाखवून ओरडत होती. "माझं घर बेकायदा आहे, पाडा, म्हणून तक्रार यांनीच केली. आणि ती मागे घ्यायला पैसेही यांनीच मागितले!"

दोघांतल्या साहेबाने पिशवीतून बाटली काढली, ग्लासात पाणी ओतलं. तिची बोटं बुडवली. पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या ग्लासात नवऱ्याची बोटं बुडवली. ते पाणी होतं तसंच राहिलं.

आपण कशात सापडलो, आपला नवरा कोण निघाला, सगळं हळूहळू ध्यानात येत होतं. पण खरं सांगायचं तर त्याही अवस्थेत तिचा जीव भांड्यात पडला. ही बाई त्याची कुणी नव्हती.

"या कोण तुमच्या?" साहेबाने नवऱ्याला विचारलं.

तिने मान वर केली. बाईही चष्मा सावरून बघत होती. बाकी काही का होईना, एवढं तरी आता तो बोलणार होता.

नवऱ्याने तिला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"कोण जाणे," तो म्हणाला. "मी दर्शनाला आलोय. या बाईंना आज पहिल्यांदाच बघतोय."