हळू आवाजातलं भांडण

गल्लीला संध्याकाळी तासभर जादा पाणी मिळालं, तर सर्वांत मोठा फायदा तिसऱ्या मजल्यावरच्या टिळेकरांचा होता. वर पाणी चढत नसल्यामुळे रोज खालून बादल्या तेच वाहून नेत. महापालिकेने गल्लोगल्ली खांबांवर आवाज मोजणारी यंत्रं लावली आणि महिनाभर सर्वांत शांत राहील त्या गल्लीला हे पाणी जाहीर केलं. टिळेकर तडक लोणकरबाई आणि खांबेटेवहिनींकडे गेले. लोणकरबाईंच्या कुंड्यांचं पाणी खालच्या खांबेटेवहिनींच्या पापडांवर पडे, आणि त्या भांडणाने रोज गल्ली दणाणून जाई.

“भांडा, पण हळू,” टिळेकरांनी हात जोडले.

दोघींनी शब्द पाळला. अंगणात येऊन, एकमेकींच्या कानाशी लागून त्या भांडू लागल्या. गॅलऱ्यांत जमलेल्या लोकांना नुसते हातवारे दिसत. महिना संपत आला, तरी सगळ्यांनी उत्सुकता दाबून धरली.

शेवटच्या दिवशी लोणकरबाई कानात काहीतरी बोलल्या आणि खांबेटेवहिनींनी डोळे विस्फारून तोंडाला पदर लावला. वरून पाहणाऱ्या टिळेकरांना राहवेना. नाटकात माइक बंद पडल्यावर ओरडतात तसे ते ओरडले, “आवाऽऽज!”

मग सगळ्या गॅलऱ्या सुटल्या. “अहो, मोठ्याने! पहिल्यापासून सांगा!” खांबावरच्या यंत्राचा दिवा लाल झाला.

पाणी शेजारच्या गल्लीला गेलं. पहिली आरोळी कुणाची, हे दोघींनी जोडीने वर जाऊन टिळेकरांच्या बायकोला सांगितलं. तेव्हापासून ती टिळेकरांशी अवाक्षर बोललेली नाही.