कड्याची खालची बाजू

समोरच्या डोंगरावरून त्या कड्याचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. मृदुलानं लेन्स फिरवली. टोकाच्या ज्या कातळावर तिचा नवरा पाय खाली सोडून बसला होता, तो खालून पार पोकळ होता. जेमतेम वीतभर जाडी उरली होती, तिलाही तडा गेलेला.

खरं सांगितलं तर तो दचकून उठेल. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला, आवाज कापू दिला नाही.

"उभा राहू नकोस, फ्रेम बिघडेल. बसल्या बसल्या मागं सरक. अजून. अजून थोडं."

"इतक्या मागून दरी कशी दिसेल?" तो कुरकुरला, पण सरकत राहिला.

दोघं पायथ्याशी भेटल्यावर तिनं त्याला फोटो दाखवला. त्यानं तड्यावर बोट ठेवलं.

"मागच्या रविवारी आपण याच कातळावर डबा खाल्ला," तो म्हणाला. "आपली पोरगी उड्या मारत होती."