एकचा ठोका

घड्याळजी बसमधून उतरला तेव्हा मनोऱ्यावरच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटे झाली होती. म्हणजे बाराचे ठोके होऊन गेले होते आणि घणाने घंटा वाजवणारा लोखंडी माणूस दार लावून आत गेला होता. ज्याच्यासाठी घड्याळजी या सहलीत सामील झाला होता, तो आता एक वाजल्याखेरीज बाहेर येणार नव्हता.

"बारा-पन्नासला सगळे बसमध्ये!" टूर मॅनेजरने झेंडा उंच धरला. "जेवणाचं बुकिंग आहे."

"कार्यक्रमात इथे पोचायची वेळ अकरा-पन्नास छापलीय," घड्याळजी म्हणाला. "गालिच्यांच्या दुकानात चाळीस मिनिटं कोणी मागितली होती?"

"काका, उशीर आपल्याच मंडळींनी केला."

"मी दारात उभा होतो."

"तुम्ही रोजच दारात उभे असता, काका. पण बसमध्ये चाळीस जण आहेत."

हे मात्र खोटे नव्हते. चार दिवस रोज बसच्या दाराशी उभे राहून, येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उशीर मिनिटांत मोजून सांगण्याचे काम घड्याळजीने आपण होऊन अंगावर घेतले होते. मंडळींनी त्याचे नाव सेकंदकाका ठेवले होते.

मनोऱ्याच्या पायथ्याशी काचेआड यंत्र होते. बायको समोरच्या बाकावर बसून गुडघे चोळत होती. घड्याळजी काचेला नाक लावून उभा होता.

"त्या लोखंडी माणसाचा हात उचलतो कोण, हेच पुस्तकातल्या चित्रावरून कधी कळलं नाही," तो म्हणाला. "चाळीस वर्षं घड्याळं उघडली, पण हे कळलं नाही. ठोका पडताना इथे उभं राहिलं, की एका क्षणात कळेल. आणि हा शहाणा मला दहा मिनिटं आधी जेवायला नेणार! ही सहल नव्हे, हजेरी आहे."

"विमानतळावर चाकाची खुर्ची कोणी आणली? खोलीच्या दारापर्यंत बॅगा कोणी पोचवल्या? तुम्ही वहीत आखलेल्या सहलीत यातलं काय होतं?"

"माझ्या वहीत या चौकात अख्खा दिवस होता."

"हो. आणि ती वही अकरा वर्षं कपाटात होती."

घड्याळजी अधिकच चिडला.

"मग दहा मिनिटं उशिरा जा ना बसमध्ये," बायको म्हणाली. "तुम्हाला टाकून जाणार आहेत का?"

"चाळीस माणसांना खोळंबवून? मी?"

पावणेएकला बायको बाकाच्या कडेला धरून उठली.

"मी बाथरूमला जाऊन येते. तुम्ही इथून हलू नका."

"आत्ता? पाच मिनिटं उरलीत!"

"गुडघे माझे आहेत. लागेल तेवढा वेळ लागेल."

वाटेत ती टूर मॅनेजरपाशी थांबून काहीतरी बोलली. तो हसला आणि त्याने मान डोलावली. मग ती लंगडत चौकाच्या पलीकडच्या इमारतीमागे दिसेनाशी झाली.

बारा-पन्नासला मंडळी बसमध्ये बसली. बारा-त्रेपन्नला ड्रायव्हरने हॉर्न दिला. बारा-पंचावन्नला खिडकीतून कोणीतरी ओरडले, "काय सेकंदकाका, आज किती मिनिटं?" आणि सगळी बस हसली.

घड्याळजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काचेआड एक लहानसे चाक हलले आणि थांबले. यंत्र ठोक्यासाठी सज्ज होत होते. त्याने ते पाहिले. मग त्याने बसकडे पाहिले, मनगटावर पाहिले आणि तो वळून तरातरा चौक ओलांडू लागला.

"अगं, ऐकतेस का?" त्याने बायकांच्या बाथरूमचे दार ठोठावले. "आठ मिनिटं उशीर झालाय! माणसं खोळंबलीत!"

आतून बायकोचा आवाज आला, "तुम्ही कुठून बोलताय?"

"कुठून म्हणजे? दारातून!"

कडी निघाली. बायको पर्स खांद्याला लावून उभी होती. हात कोरडे होते. नळाचा आवाज आलाच नव्हता.

"हलू नका म्हटलं होतं ना तुम्हाला," ती म्हणाली.

"अगं, पण लोक—"

इमारतीच्या पलीकडून एक ठोका आला. एक वाजला होता, त्यामुळे तेवढा एकच. त्याचा नाद विरेपर्यंत दोघेही जागचे हलले नाहीत. घड्याळजीने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिले, तिच्या कोरड्या हातांकडे पाहिले आणि आपला दंड पुढे केला.

परतताना ती त्याच्या दंडाला धरून चालली. या वेळी तिला खरोखरच वेळ लागला.

टूर मॅनेजर बसच्या दाराशी उभा होता. जेवणाच्या ठिकाणी फोन करून त्याने वेळ पुढे ढकलून घेतली होती आणि आपल्या कामगिरीवर तो बेहद्द खूश दिसत होता.

"काकू, तुम्ही म्हणालात तसं, एक वाजेपर्यंत बस हलू दिली नाही!" तो म्हणाला. "काका, दिसलं का मग? कोण उचलतं तो हात?"

चाळीस माणसे खिडक्यांतून पाहत होती. घड्याळजीने तोंड उघडले.

"दिसलं, अगदी नीट दिसलं," बायको म्हणाली आणि तिने त्याला पायरीवर पुढे ढकलले. "निघ रे बाबा आता. यांना उशीर खपत नाही."