पानावरची हजेरी

अण्णांच्या तेराव्याची पंगत उठताच दोन्ही भावांनी बॅगा गाडीत टाकल्या.

"रात्री जेवून जा रे," मी म्हणाले.

"अंधाराआधी घाट उतरायचाय, ताई. दुकान विकायचं ठरलंय, तेवढं आईच्या कानावर घाल."

फौजेतून परतल्यावर अण्णांनी टायरचं दुकान काढलं, ते पोरं गावातच राहावीत म्हणून. रोज पानावर बसलं की ते पलटणीसारखी हजेरी घेत. एक जण नसला, तरी सगळं घर जेवायचं थांबे.

भाऊ गेल्यावर रात्री जेवणवेळी आईने पानं मांडली. "हजेरी घे," म्हणाली.

मी माझं नाव घेतलं आणि मीच "हजर" म्हटलं.

"माझंही घे. मी वाढणारी, म्हणून त्यांनी कधी घेतलं नाही."

मी आईला नावाने हाक मारली.

"हजर," ती म्हणाली आणि पुढच्या नावांची वाट पाहत राहिली.