मागच्या गाडीचा ब्रेक

"दांडा कुठलाही द्या, पण ब्रेक मात्र चांगला हवा," डेलबर्ट म्हणाला.

रुबेनने दुकानासमोर दोन दांडे मांडले होते, एक पोलादी आणि एक ॲल्युमिनियमचा. डेलबर्टच्या बत्तीस फुटी घरगाडीमागे छोटी मोटार ओढायची, ती या दांड्यावर. रुबेनने मोटारीचं वजन विचारलं आणि ॲल्युमिनियमचा पुढे सरकवला.

"हा पुरे. पण साहेब, मागे ब्रेक नसताना इतके दिवस कशी ओढलीत? उतारावर ढकलत नाही?"

"ढकलते तर!" त्याची बायको मार्लिस म्हणाली. "गेल्या आठवड्यात घाटात पुढच्या ट्रकवर आदळता आदळता वाचलो. मी डोळे मिटून घेतले. हा म्हणाला, मागच्या गाडीने रेटलं."

डेलबर्टने खाली वाकून दांडा चाचपला. रेटा बसलाही असेल. पण त्याचा उजवा पाय मधुमेहाने बधिर झाला होता. मोजा घातलाय की नाही, हे त्याला हल्ली बघूनच कळायचं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. मार्लिसला त्याने सांगितलं होतं, सगळं ठीक आहे. उद्याचा घाट उतरला की लेकीचं गाव.

तासाभरात रुबेनने मोटारीत ब्रेकच्या पेडलपुढे एक पेटी बसवली आणि तिचा चिमटा पेडलला अडकवला. "तुम्ही पुढे ब्रेक दाबलात की ही पेटी मागचा दाबणार. आणि पुढे तुमच्यासमोर लाल दिवा लागणार. बघू या."

डेलबर्ट घरगाडीत चढला. मार्लिस शेजारी बसून दिव्याकडे बघत राहिली.

"दाबा!" रुबेन मागून ओरडला.

"दाबला!"

"इथं काही हललं नाही!"

"दाबलाय म्हणतो ना! तुझी पेटीच बिघडलीय!"

रुबेनने वायरी तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. तो डेलबर्टच्या दाराशी आला. "आता परत दाबा."

डेलबर्टने दाबला. रुबेनने खाली पाहिलं. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, हा ब्रेक नाही."

बूट ॲक्सिलरेटरवर होता, पार तळापर्यंत दाबलेला. इंजिन बंद होतं, एवढंच.

मार्लिसनेही वाकून पाहिलं. 

"त्या दिवशीही हेच?"

"ठाऊक नाही गं. पाय कुठे पडतो, तेच कळत नाही."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. थँक्सगिव्हिंगच्या सणापासून."

"उतर खाली."

"तुला ही गाडी कुठे चालवता येते?"

"तुला तरी कुठे येते?"

तो दाराला धरून उतरला. मागे तिने सीट पुढे ओढल्याचा आवाज झाला. "रुबेन," ती म्हणत होती, "इथं सरावाला मोकळं मैदान आहे का कुठे? घाट दोन दिवसांनी उतरू. लेकीला फोन करते मी."

डेलबर्ट चालत मोटारीपाशी गेला आणि काचेतून आत बघत उभा राहिला. आत कुणीच नव्हतं.

"आता दाबते!" मार्लिसचा आवाज आला.

ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. थांबलं. मग सावकाश वर आलं.

"हललं का रे?"

 "हललं," डेलबर्ट म्हणाला. "नीट दाबतेयस."